टिकल्यांच्या माळावरची जाळी

मित्रांनो, जाळी म्हटलं की तुम्हाला मासे आठवतात, नाहीतर डास. मी त्यातली नव्हे. मी फुलपाखरं धरायची जाळी आहे, आणि तीसुद्धा धरून लगेच सोडून द्यायची. आता माझं कापड विरलंय, दोन ठिकाणी उसवलंय, आणि मी सोलापुरात एका कपाटावर जुन्या सुटकेसच्या मागं पडून आहे. मी जरा तोंडाळ आहे हे आधीच सांगून ठेवते. पण जे सांगणार आहे त्यात एक अक्षर खोटं नाही.

माझं कापड सोलापूरच्याच नवी पेठेतलं. लग्नातल्या दुपट्ट्यांना लावतात ते पांढरं, मऊ नेटचं कापड. दुकानात घडी करून पडले होते तेव्हा मला वाटायचं, आपण एखाद्या नवरीच्या डोक्यावर जाणार, अत्तर लागणार, फोटो निघणार. एके दिवशी झीनत नावाची मुलगी आईबरोबर आली. तिनं मला बोटांच्या चिमटीत धरून चोळून पाहिलं. दुकानदारानं विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

"फुलपाखरांचं," झीनत म्हणाली.

तिच्या आईनं, जाहिदानं, तिला कोपरानं ढोसलं. मी मनात नाक मुरडलं. झालं, म्हटलं, आपल्या नशिबी नवरी नाही.

घरी तिचे वडील इसूफ यांनी जाड तार वाकवून गोल कडं केलं आणि ते एका काठीला बसवलं. ते रिक्षा चालवायचे, तार वाकवण्यात त्यांचा हात चांगला. जाहिदानं मशीनवर मला शिवलं, लांब पिशवीसारखं, तळाशी निमुळतं. शिवताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता.

"कायकू गे पकडती उनको? उडने दे ना."

"पकडके छोडती अम्मी. गिनती करनी है."

"गिनके क्या करेगी?"

यावर झीनत नुसती हसली. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकून पुढं संशोधनाला लागली होती. नातेपुत्याच्या पलीकडं महादेवाची डोंगररांग आहे. तिथं कोणत्या महिन्यात कोणती फुलपाखरं असतात, किती असतात, हे तीन वर्षं मोजून लिहायचं काम तिनं घेतलं होतं. दर पंधरा दिवसांनी ती एसटीनं नातेपुत्याला यायची, आफरीनखालाकडं, म्हणजे मावशीकडं उतरायची आणि खालाची स्कूटी घेऊन डोंगराच्या पायथ्याला जायची. एसटीत माझी काठी लोकांना टोचायची आणि सगळे मलाच नावं ठेवायचे.

पण डोंगरावर गेल्यावर मात्र माझी ऐट होती. कामाची पद्धत ठरलेली. वरच्या माळावरची एकच वाट, एकच वेळ, सकाळी नऊला सुरू, एकच चाल, ना भरभर ना रेंगाळत. मोठी फुलपाखरं झीनत लांबूनच ओळखायची आणि वहीत खूण करायची. बारकी असली की माझी पाळी. ती मनगट असं वळवायची की माझं तोंड आपोआप दुमडून बंद व्हायचं. मग आत डोकावून बघायचं, ओळखायचं, लिहायचं आणि मला उलटं करून सोडायचं. तीन वर्षांत माझ्या हातून एकाचाही पंख मोडला नाही. तिचे सर एकदा आले होते, ते म्हणाले, "बाजारातल्या जाळीपेक्षा ही सरस आहे." ते वाक्य मी किती दिवस चघळत होते, काय सांगू.

डोंगराच्या पायथ्याला शेवटची वस्ती बिरप्पांची. बिरप्पा धनगर, साठीच्या घरातले. बायको फुलाबाई, आणि ऐंशी मेंढरं. पोरंबाळं नव्हती. पहिल्या दिवशी बिरप्पा वाटेवर आडवे आले.

"काय गं पोरी, पाखरं धरून इकती काय?"

"नाही मामा, मोजते."

"आन मोजून?"

"लिहिते."

"आन मंग?"

"सोडून देते."

बिरप्पा बायकोकडं वळून म्हणाले, "मोजायचं, लिवायचं आन सोडून द्यायचं. म्हंजी सरकारीच काम हाय की गं." फुलाबाई पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवसापासून बिरप्पा झीनतच्या पुढं चालायला लागले. कुठं पाणी झिरपतं, कोणत्या झाडाला कधी फूल येतं, ओल्या मातीवर कुठं थवा बसतो, सगळं त्यांच्या पायांना ठाऊक होतं. पुस्तकात नसलेलं ते सांगायचे आणि झीनत वहीत उतरवून घ्यायची.

त्या माळावर एक फुलपाखरू होतं, तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. मातकट तपकिरी. पण पंख मिटून बसलं की मागच्या कडेला नारिंगी पट्टी दिसायची आणि त्यावर चमचमणारे निळे ठिपके. फुलाबाई त्याला टिकली म्हणायची. पुस्तकातलं नाव झीनतला पाठ होतं, पण तीसुद्धा टिकलीच म्हणायला लागली. ही टिकली माळावर गोधडी नावाचं एक झुडूप असतं त्यावर अंडी घालते. झुडूप कसलं, जमिनीला चिकटून पसरणारी चटईच ती, वर बारकी पिवळी फुलं. पहिल्या वर्षी, म्हणजे २०२१च्या भाद्रपदात, झीनतनं एका सकाळी त्रेसष्ट टिकल्या मोजल्या. ती माळावरच बसली आणि बिरप्पांना म्हणाली, "मामा, एवढ्या एका ठिकाणी मी कधी पाहिल्या नाहीत."

"आमच्या हितं काय कमी हाय?" बिरप्पा म्हणाले. जणू त्यांनीच पाळल्या होत्या.

त्याच महिन्यात फुलाबाईला फुरसं, तो विषारी साप, चावलं. दगड उचलायला गेली आणि बोटाला डसलं. बिरप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. झीनतनं मला वाटेवर टाकलं, फुलाबाईला स्कूटीवर मागं बसवलं, आपल्या ओढणीनं तिला स्वतःच्या कंबरेशी बांधलं आणि खड्ड्याखड्ड्यांतून नातेपुत्याचा दवाखाना गाठला. पाच दिवसांनी फुलाबाई आपल्या पायांनी घरी आली. मला बिरप्पांनी धुळीतून उचलून घरी नेलं होतं आणि बिरोबाच्या फोटोशेजारच्या खुंटीला अडकवलं होतं. पुढं झीनतनंच ठरवलं, एसटीत नेण्या-आणण्यापेक्षा जाळी इथंच राहू दे. अशी मी त्या घरची झाले. म्हणूनच पुढचं सगळं मला माहीत आहे.

आता जे घडलं ते नीट ऐका.

फुलाबाई बरी झाल्यावर एकदा झीनत माळावर मोजणी करत होती. मेंढरं पुढं चरत होती. झीनत गुडघ्यावर बसून गोधडीच्या पानाखाली बघत होती. टिकलीचं अंडं होतं, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. तेवढ्यात एक मेंढी आली, गोधडीचा शेंडा तोडला, त्या पानावर खूर दिला आणि पुढं गेली. झीनतच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मागं वळून पाहिलं. सगळ्या माळभर खुरं आणि दात चालू होते. तिच्या मनानं घेतलं की या मेंढरांच्या पायी टिकल्या संपणार.

संध्याकाळी ती वस्तीवर बसली होती. म्हणाली, "मामा, एक मागू का?"

"माग की."

"माझी मोजणी होईपर्यंत मेंढरं वरच्या माळावर नका आणू. टिकल्या वाचतील."

फुलाबाईचा हात भाकरीवर थांबला. मित्रांनो, तुम्हाला सांगायला हवं. पावसाळ्यात खाली सगळीकडं पिकं उभी असतात. मेंढरांना तोंड घालायला जागा नसते. शिवाय खाली काळी माती, चिखल. त्या चिखलात मेंढराचं खूर नासतं. वरचा माळ खडकाळ, कोरडा. ते चार महिने मेंढरं जगायची ती त्या माळावरच. हे झीनतला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नाही, आणि बिरप्पांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरप्पा तिला माळावरच्या बिरोबाच्या देवळात घेऊन गेले. तळहातावर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "ह्या पोरीची मोजणी चाललीय तंवर माझं मेंढरू ह्या माळावर चढणार न्हाय." मग चिमूटभर भंडारा तिच्या डोक्यावर टाकला, थोडा माझ्यावरही उडाला. झीनतला ते फार गोड वाटलं. तिनं देवळाचा फोटो काढला. तिला वाटलं, आशीर्वाद आहे. धनगरानं भंडारा उचलून दिलेला शब्द काही झालं तरी मोडत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी काठीला लटकत होते आणि मला ते ठाऊक होतं, कारण मी त्या घरात राहिले होते.

त्या रात्री फुलाबाई म्हणाली, "आन मेंढरं कुटं न्यायची पावसात?"

"बगू की."

"बगू काय बगू? तुमास्नी सांगता येत नव्हतं व्हय तिला?"

"तुला पाठीशी बांधून न्हेलं तिनं," बिरप्पा म्हणाले. "म्या काय न्हाय म्हणू?"

फुलाबाईनं चूल विझवली आणि अंथरूण घातलं.

दुसऱ्या वर्षी पाऊस पडला आणि माळ हिरवागार झाला. गवत घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत आलं. मोठी, पांढरी, पिवळी, पट्ट्यांची फुलपाखरं पहिल्या वर्षीपेक्षा जास्त दिसायला लागली. झीनत खूश होती. वहीची पानं भरत होती. टिकल्या तेवढ्या अडतीसच मोजल्या, आणि महिनाभरानं सतरा. ती म्हणाली, "यंदा पाऊस उशिरा झाला म्हणून असेल." बिरप्पा पुढं चालत होते, ते म्हणाले, "असंल."

खाली काय चाललं होतं ते मी खुंटीवरून बघत होते. बिरप्पा पहाटे मेंढरं घेऊन कालव्याच्या कडेनं निघायचे. लोक शेतातून हाकलायचे, दगड मारायचे, शिव्या द्यायचे. रस्त्याच्या कडेला चारलं तर गाड्या अंगावर यायच्या. आषाढात खुरं नासायला लागली. बिरप्पा एकेक मेंढरू मांडीवर घेऊन खूर धुवायचे, औषध लावायचे. मेंढरं गुडघ्यावर चालायला लागली. अशी नऊ मेली. मग बिरप्पांनी वीस विकली, मग आणखी. ज्या दिवशी शेवटची बारा गेली त्या दिवशी फुलाबाई चूल न पेटवता भिंतीला टेकून बसली होती. व्यापाऱ्याच्या टेम्पोतून मेंढरांचा आवाज खूप लांबपर्यंत येत राहिला. बिरप्पा मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाड्याचं काटेरी कुंपण उगीचच नीट करत होते.

पंधरा दिवसांनी झीनत आली. म्हणाली, "मामा, मेंढरं दिसत नाहीत?"

"नागप्पाकडं हायत. पुतण्या माझा. नीरंच्या काठाला चांगला चारा हाय तितं."

"बरं झालं," झीनत म्हणाली, आणि मला खुंटीवरून काढून माळाकडं निघाली. तुम्हाला सांगते, आम्हा वस्तूंना देवानं तोंड दिलं नाही याचा मला त्या दिवशी फार राग आला. मी तिच्या हातात होते. एक वाक्य बोलता आलं असतं तर बास होतं. मला झीनतचाही राग आला. इतकी बारीक नजर तिची, पानाखालचं अंडं दिसतं, आणि समोरचा रिकामा वाडा दिसत नाही. पण तिला तरी काय बोलू. तिनं विश्वास ठेवला होता, आणि बिरप्पांनी तो ठेवावा म्हणूनच खोटं सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी आषाढात टिकल्या चार. श्रावणात एकही नाही. भाद्रपदात झीनतनं ती वाट दोनदा चालून पाहिली. गवत तिच्या कमरेला लागत होतं. मला तिनं किती वेळा फिरवलं, आत नुसती गवताची कुसळं अडकली. शेवटी ती बिरोबाच्या देवळाजवळ थकून बसली. देवळाला यायची पायवाट तेवढी माणसांच्या पायांनी मोकळी राहिली होती. त्या हातभर पट्टीत गोधडी होती, हिरवी, पिवळी फुलं घेऊन. झीनतनं ती पाहिली. मग बाजूचं उंच गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं. खाली गोधडी होती, पण काळी पडलेली, वाळलेली. उन्हाचा कवडसाही तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

झीनतनं एक वाळकी काडी बोटांत मोडून पाहिली. मग म्हणाली, "मेंढरं."

एवढंच. मला कळलं, आणि तिलाही कळलं. मेंढरं गवत खायची म्हणून गोधडीला ऊन मिळायचं. एक अंडं खुराखाली जायचं, पण हजार अंड्यांना जागा मेंढरंच करून द्यायची. त्रेसष्ट टिकल्या बिरप्पांच्या कळपाच्या जिवावर जगत होत्या. तीन वर्षं मोजून तिला जे सापडलं ते हे.

ती माळावरून धावत खाली आली. मी तिच्या खांद्यावर आपटत होते. बिरप्पा अंगणात बसले होते.

"मामा, चुकलं माझं. मेंढरं वर न्या. आजच न्या. नागप्पादादाला निरोप धाडा."

बिरप्पा शांतपणे म्हणाले, "तसं न्हाय चालत, बाळ. भंडारा उचललाय. तुझी मोजणी चाललीय तंवर न्हाय."

तेव्हा कुठं तिला त्या शब्दाचा अर्थ समजला. मग तिनं मला काठीपासून सोडवलं. जाहिदानं घातलेले टाके दातांनी तोडले, कडं बाजूला काढलं, वही मिटून बिरप्पांच्या पायापाशी ठेवली. "मोजणी संपली मामा. आत्ता, या घडीला संपली. आता न्या."

तिच्या तीन वर्षांच्या कामातले अजून चार महिने बाकी होते. ते सोडून द्यायला ती तयार झाली. मला तुटल्याचं वाईट वाटलं नाही. उलट मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी वेडी. मला तर सगळं माहीत होतं.

फुलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "सांगा की आता तिला. किती दिस झाकून ठिवणार?"

बिरप्पा खाली मान घालून म्हणाले, "मेंढरं न्हाईत, पोरी. नागप्पाकडं न्हाईत आन कुटंच न्हाईत. गेल्या पावसात इकली."

झीनतनं वाड्याकडं पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. आत गवत उगवलं होतं. फुलाबाईनं तिला जवळ घेतलं, तर ती फुलाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली, आणि तिच्याबरोबर फुलाबाईही.

बिरप्पांनी दोघींचं रडणं ओसरू दिलं. मग अगदी हळू विचारलं, "ऱ्हाऊ दे आता. झालं ते झालं. पर टिकल्या तर वाचल्या की?"

मित्रांनो, मी तुटलेली, जमिनीवर पडलेली, आणि माझी एकच इच्छा होती की तिनं खोटं बोलावं. व्हय म्हणावं. एवढं एक खोटं त्या म्हाताऱ्याचं देणंच होतं. पण झीनतला खोटं मोजता येत नाही.

"नाही मामा. एकही राहिली नाही. मेंढरं नव्हती म्हणूनच गेल्या."

बिरप्पांना ते कळायला वेळ लागला. ते माळाकडं बघत होते. वर कमरेएवढं गवत वाऱ्यानं हलत होतं.

"मंग म्या मेंढरं का इकली?" ते म्हणाले.



बिरप्पा आता एका कोंबड्यांच्या शेडवर राखण करतात. झीनतनं आपल्या प्रबंधात सगळं खरं लिहिलं, स्वतःची चूक स्वतःच्या नावानं लिहिली, आणि बिरप्पांचं नावही लिहिलं. त्याचं कौतुक झालं म्हणे. त्या दिवशी तिनं कुणालाही पेढे दिले नाहीत. ती अजून सुटीच्या दिवशी त्यांच्याकडं जाते. मला मात्र ती नेत नाही. मला बघितलं की तिला ते अंगण आठवत असणार. जाहिदा अधूनमधून विचारते, "सी दूँ क्या?" झीनत मान हलवून नको म्हणते. मी तिला दोष देत नाही.

बाळांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी झाडं वाचवायला निघाल, कुणी पक्षी, कुणी फुलपाखरं. जरूर निघा. माझं एवढंच मागणं आहे. ज्या रानात जाल तिथं रोज वावरणारा माणूस असतो, त्याच्या अंगणात आधी बसा. तो पावसात कुठं जातो ते विचारा. त्याची गुरंमेंढरं काय खातात, कुठं खातात ते विचारा. आणि तो तुमच्यावरच्या मायेपोटी काही सोडून द्यायला निघाला, तर पटकन हो म्हणू नका. माया करणारी माणसं आपली अडचण सांगत नाहीत. ती विचारूनच काढावी लागते.